व्यसन सोडल्यानंतरचे पहिले दिवस : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

गेल्या अंकात मी व्यसन बंद केल्यावर होणाऱ्या त्रासाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. आम्ही डॉक्टर त्याला 'विड्रॉवल' म्हणतो. त्या चार ओळींवर इतकी पत्रं आली की हा सगळा अंक त्यांनाच द्यायचा ठरवलं. बहुतेक पत्रं व्यसन करणाऱ्यांनी नाही, त्यांच्या घरच्यांनी लिहिली आहेत. त्यातली सहा इथे घेते. नाव-गाव कुणाचंच देत नाही.

प्रश्न : डॉक्टर, माझे बाबा गेली अठरा वर्षं रोज पितात. मागच्या वर्षी त्यांनी मनावर घेतलं आणि एका दिवसात बंद केली. दुसऱ्या दिवशी पाण्याचा पेलासुद्धा हातात धरवेना. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या चालल्यात म्हणून ओरडायला लागले, मला ओळखेनात. घाबरून काकांनी थोडी पाजली, तसे निवळले. आता बाबा पुन्हा सोडायची म्हणतात. काका म्हणतात, या वेळी खोलीत कोंडून ठेवू, चार दिवस सोसलं की सुटेल. असं करावं का?

उत्तर : ताई, अजिबात करू नका. काकांना हे पत्र आधी एवढंच वाचून दाखवा, मग पुढचं.

तुमच्या बाबांना तिसऱ्या रात्री जे झालं त्याला 'डिलिरियम ट्रेमेन्स' म्हणतात. ते नाटक नव्हतं, वेड नव्हतं आणि बाहेरचं तर काहीच नव्हतं. रस्सीखेच डोळ्यांपुढे आणा. दारू मेंदूला सुस्तीकडे ओढते. 'गाबा' नावाचं मेंदूतलं शांत करणारं रसायन आहे, त्याचं काम ती वाढवते, आणि 'ग्लुटामेट' हे जागं ठेवणारं रसायन दाबते. वर्षानुवर्षं हे चाललं की मेंदूही पाय रोवून उलट बाजूला ओढायला लागतो. गाबाला दाद देणं कमी करतो, ग्लुटामेटची ग्रहणकेंद्रं, म्हणजे पेशींवर ते रसायन जिथे बसतं त्या जागा, वाढवतो. म्हणून तर रोज पिणारा माणूस तेवढी पिऊन सरळ चालू शकतो. आणि मग एका सकाळी दारूने रस्सी सोडून दिली. पलीकडचा गडी काय करणार? तो आपल्याच जोराने मागे आदळतो. हात थरथरणं साधारण सहा ते चोवीस तासांत सुरू होतं, फिट आली तर बहुधा पहिल्या दोन दिवसांत येते, आणि भ्रम दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या मध्ये. तुमचं पत्र याच वेळापत्रकाने चाललेलं आहे.

हा त्रास दारूने होतो की दारू थांबल्याने, यावर एके काळी डॉक्टरांमध्येच वाद होता. १९५५ साली अमेरिकेत लेक्सिंग्टन इथे हॅरिस इस्बेल यांनी दहा माणसांवर प्रयोग करून तो मिटवला. त्यांना चांगलं जेवण देऊन कित्येक आठवडे दारू पाजली आणि मग एकदम बंद केली. जे दीड महिन्याहून जास्त काळ प्यायले होते त्यांच्यात फिट आणि भ्रम दोन्ही दिसले. आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही, आणि देऊही नये. पण उपाशीपोटामुळे किंवा अशक्तपणामुळे नव्हे, थांबल्यामुळेच हे होतं, हे तिथे पक्कं कळलं.

आमच्या वॉर्डात काय करतो ते सांगते, म्हणजे बाबांची भीती कमी होईल. दर काही तासांनी मी किंवा सिस्टर पेशंटला दोन्ही हात पुढे करायला, बोटं फाकवायला सांगतो. कधी कधी थरथर डोळ्यांना दिसतच नाही. मग मी माझ्या बोटांची टोकं त्याच्या बोटांच्या टोकांना लावते. आतून बारीक कंप येत असतो, मोबाईल व्हायब्रेटवर असावा तसा. तो कंप, घाम, मळमळ, बेचैनी, असे दहा मुद्दे मोजायचे आणि त्यावर गोळीचं प्रमाण ठरवायचं. डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइडसारखी औषधं दारूच्या बाजूने तीच रस्सी धरतात आणि काही दिवसांत हळूहळू सैल सोडतात. गडी आदळत नाही, चालत मागे येतो. सोबत थायामिन म्हणजे बी-वन जीवनसत्त्व, आणि तेही ग्लुकोजच्या सलाईनच्या आधी. आधी ग्लुकोज गेलं तर उरलंसुरलं थायामिन संपून स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते.

बाबांना एकदा भ्रम झालेला आहे, म्हणजे पुन्हा व्हायची शक्यता जास्त. दारू बंद करायचा दिवस हा रुग्णालयात भरती व्हायचा दिवस असला पाहिजे. तोपर्यंत त्यांनी घरी एकदम थांबवू नये. हे लिहिताना माझाही हात अडखळतो, पण ते खरं आहे.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ चोवीस वर्षांचा आहे. ब्राउन शुगर घेतो. दोनदा सोडवलं, दोन्ही वेळा अंगदुखी आणि उलट्या सहन न होऊन तिसऱ्या दिवशी पळून गेला. मी वाचलं की संधिवाताच्या एका जुन्या औषधाने हा त्रास थांबतो असं संशोधन झालंय. ते मी मिळवून त्याला देऊ का? आई म्हणते, एकदा का सगळं अंगातून निघालं की मग तो आपला होईल.

उत्तर : दादा, तुम्ही वाचलंत ते खोटं नाही, पण अर्धं आहे.

आधी भावाच्या शरीरात काय होतं ते पाहू. मेंदूच्या देठात दोन्ही बाजूंना चेतापेशींचा एक छोटासा पुंजका असतो. लॅटिनमध्ये त्याचं नाव 'लोकस सेरुलियस', म्हणजे निळी जागा. सावध राहण्याचं रसायन, नॉरॲड्रेनॅलिन, तिथून सगळ्या मेंदूत जातं. ब्राउन शुगर म्हणजे भेसळीच्या हेरॉइनची पूड, मॉर्फिनच्याच कुळातली. ती त्या पेशींना गप्प बसवते. पेशी रोज दाबल्या गेल्या की आतून आपली यंत्रणा वाढवून ठेवतात. पूड थांबली की सगळ्या एकदम बोलायला लागतात. घाम, छातीत धडधड, नाका-डोळ्यांतून पाणी, एकामागून एक जांभया. दिव्याखाली त्याच्या बाहीबाहेरचा हात पाहिला असेल तर आठवून बघा, एकेक केस उभा, कातडीवर काटा, आणि खोलीत उकडत असताना तो पांघरूण मागतोय. बाहुल्या उजेडातही मोठ्या. हे ढोंग करून आणता येत नाही.

१९७८ मध्ये हे धागे जुळले तेव्हा रक्तदाबाचं एक जुनं औषध, क्लोनिडीन, या कामी आलं, कारण ते त्या निळ्या जागेलाच शांत करतं. त्याचंच भावंड लोफेक्सिडीन. ब्रिटनमध्ये ते आधीपासून होतं, अमेरिकेत २०१८ साली मान्य झालं.

तुम्ही वाचलेलं संशोधन २०१७ सालचं, कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठातलं. मला ते फार मोलाचं वाटतं, कारण त्यांनी चेतापेशी सोडून भलतीकडेच पाहिलं. मेंदूत आणि मज्जारज्जूत 'मायक्रोग्लिया' नावाच्या पेशी असतात. पहारा आणि साफसफाई ही त्यांची कामं. मॉर्फिन दिलेल्या उंदीर-घुशींच्या मज्जारज्जूत या पेशींवरची 'पॅनेक्सिन-१' नावाची दारं जास्त उघडायला लागतात. त्यातून एटीपी हे रसायन बाहेर सांडतं आणि शेजारच्या चेतापेशी भडकतात. हे दार बंद करू शकणारं औषध आधीच दुकानात होतं, प्रोबेनेसिड, युरिक ॲसिड वाढून होणाऱ्या सांधेदुखीचं. ते दिल्यावर प्राण्यांचा त्रास कमी झाला आणि मॉर्फिनचा वेदना कमी करण्याचा गुण मात्र तसाच राहिला. नवं औषध तयार व्हायला वर्षांमागून वर्षं लागतात. इथे माहितीतलं औषध नव्या कामाला लावता येईल, म्हणून आम्ही सगळे त्याकडे डोळे लावून आहोत.

पण ते उंदीर होते. प्रोबेनेसिडचा दुसरा गुणही लक्षात घ्या. मूत्रपिंडातून बाहेर जाणारी बरीच औषधं ते अडवून धरतं. पेनिसिलिन अंगात जास्त वेळ राहावं म्हणून पूर्वी ते मुद्दाम देत असत. भाऊ आणखी काय काय घेतो हे तुम्हाला पुरतं माहीत नाही. त्यामुळे घरी देऊ नका.

आज हातात असलेलं आणि माणसांवर सिद्ध झालेलं औषध म्हणजे ब्युप्रेनॉर्फिन, किंवा मेथाडोन. दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २००५ पासून आहेत. ब्युप्रेनॉर्फिन त्याच ग्रहणकेंद्रावर घट्ट बसतं, पण अर्धंच काम करतं. त्रास थांबतो, नशा चढत नाही. पहिली गोळी केव्हा द्यायची हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायचं. अंगावर काटा, जांभया, बाहुल्या पाहून, त्रास नीट सुरू झाल्यावरच. घाई केली तर उरलेली पूड एका फटक्यात ग्रहणकेंद्रावरून ढकलली जाते आणि तासाभरात भयंकर त्रास उसळतो. पुष्कळ मुलं त्या एका अनुभवाने या औषधाचं नाव टाकतात. रात्रीची झोप हा वेगळा प्रश्न. त्यासाठी सुवोरेक्संट हे ओरेक्सिनला, म्हणजे मेंदूतल्या जागं ठेवणाऱ्या एका रसायनाला, अडवणारं झोपेचं औषध अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एका छोट्या गटाला देऊन पाहिलं, २०२२ मध्ये त्याचे निकाल आले. झोप सुधारली, त्रासही कमी झाला. मोठ्या चाचण्या व्हायला हव्यात.

आता आईंसाठी. मी नवी डॉक्टर असताना एक मुलगा दहा दिवस आमच्याकडे राहून अगदी स्वच्छ होऊन घरी गेला. दारापर्यंत सोडायला गेले होते, त्याच्या आईसमोर त्याचं अभिनंदन केलं. पुढे काय घ्यायचं, कुणाला भेटायचं, काही लिहून दिलं नाही. तशीच पद्धत होती आणि मी ती निमूट पाळली. तिसऱ्या आठवड्यात तो एकदाच, पूर्वीइतकंच प्रमाण घेऊन बसला आणि त्याचा श्वास थांबला. अंगातून सगळं निघालं होतं ना, त्यामुळे सहन करण्याची ताकदही निघून गेली होती. 'निघालं की सुटला' हे आईंच्या मनातून काढा. दहा दिवसांनंतर महिनोन्महिने औषध चालू राहिलं पाहिजे, आणि श्वास मंदावला तर देण्याचं नॅलॉक्सोन घरच्यांना कसं मिळेल, कसं द्यायचं, हे त्याच भेटीत विचारून घ्या.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. डॉक्टरबाई, तुम्ही व्यसनी माणसाचे लाड करायला सांगता. सोडताना त्रास झालाच नाही तर त्याला धडा कसा मिळणार? त्या वेदनेची आठवणच त्याला पुढे आवरेल.

उत्तर : गुरुजी, तुमचा हेतू मला कळतो, पण मेंदू या वेदनेतून नेमका उलटा धडा घेतो. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१६ मध्ये उंदरांच्या मेंदूतली एक वाट शोधली. मेंदूत खोलवर असलेल्या थॅलॅमस या भागाच्या मध्यातून निघून ती सुखाशी संबंधित न्यूक्लियस ॲकम्बन्स या भागाकडे जाते. मॉर्फिन थांबलं की हीच वाट पेटते. ती बंद केली तेव्हा उंदरांची तगमग उतरली. त्या तगमगीतून मेंदू एवढंच शिकतो की हे सगळं एका घासात थांबवणारी वस्तू कोणती. ती वस्तू टाळावी, हे त्यातून शिकलं जात नाही.

दारूत तर आणखी एक गोष्ट होते. बॅलेंजर आणि पोस्ट या संशोधकांनी १९७८ मध्येच मांडलं होतं की उपचाराशिवाय सोसलेला प्रत्येक झटका पुढच्याला सरपण पुरवतो. पहिल्यांदा नुसती थरथर, तिसऱ्या-चौथ्यांदा फिट. मी हे वॉर्डात पाहिलं आहे. चौदा वेळा 'मनाच्या बळावर' सोडलेला माणूस पंधराव्या वेळी बेशुद्धावस्थेत आमच्याकडे आला. त्याचं मन दुबळं होतं असं मला कुणी म्हटलं तर मी भांडेन.

प्रश्न : आईला बारा वर्षांपासून झोपेची गोळी चालू आहे. सवय लागली म्हणून मी कालपासून गोळ्या लपवून ठेवल्यात. बरोबर केलं ना?

उत्तर : आजच परत द्या. या जातीच्या बहुतेक गोळ्या दारूसारख्याच गाबावर काम करतात. एकदम थांबवल्या तर फिट येऊ शकते, विशेषतः इतक्या वर्षांनी. त्या सुटतात, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोड्या थोड्या कमी करत, काही आठवडे किंवा महिने घेऊन. आणि आईला न सांगता नाही. तिला विश्वासात घ्या.

प्रश्न : वय ४१, रोज वीस सिगारेटी. चार वेळा सोडली, दर वेळी चौथ्या-पाचव्या दिवशी डोकं फिरल्यासारखं होतं, घरच्यांवर ओरडतो आणि पुन्हा पेटवतो. आता डोक्याला चुंबक लावून सिगारेट सुटते म्हणतात. खरं आहे का?

उत्तर : खरं आहे, आणि त्यामागची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. मेंदूच्या कडेच्या घडीत आत दडलेला 'इन्सुला' नावाचा भाग आहे. शरीराच्या आतल्या खबरा तिथे पोचतात. भूक, धडधड, श्वास, तलफ. २००७ मध्ये आयोवा विद्यापीठातल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मेंदूला इजा झालेले ६९ धूम्रपान करणारे होते, त्यातल्या १९ जणांचा इन्सुला दुखावला होता. त्यातल्या बऱ्याच जणांची सिगारेट अगदी सहज सुटली, आणि तलफही राहिली नाही. इतरांमध्ये असं क्वचितच झालं. पक्षाघाताने केलेलं काम इजा न करता करता येईल का, हा तिथून पुढचा प्रश्न.

एका विशिष्ट घडणीच्या कॉइलने त्या भागापर्यंत चुंबकीय स्पंदनं पोचवतात. मोठ्या चाचणीत २६२ जण होते. तीन आठवडे जवळपास रोज, मग आठवड्यातून एकदा. ज्यांनी उपचार पूर्ण केले त्यांच्यापैकी २८ टक्के सलग चार आठवडे सिगारेटपासून दूर राहिले. खोट्या कॉइलवर हेच प्रमाण ११.७ टक्के होतं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०२० मध्ये याला मान्यता दिली. फरक स्पष्ट आहे. पण तिथेही दहातल्या सातांची सुटली नाही, हेही मोजा.

मी तुम्हाला आधी साधी गोष्ट विचारेन. चार वेळांपैकी एकदा तरी औषध घेतलं होतं का? पत्रात उल्लेख नाही. सिगारेटमुळे मेंदूत निकोटिनची ग्रहणकेंद्रं वाढलेली असतात. सोडल्यावर ती मूळ संख्येवर यायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात, आणि सगळ्यात वाईट तो पहिला आठवडा, जिथे तुम्ही दर वेळी अडकता. व्हॅरेनिक्लिन ही सिगारेट सोडवायची गोळी, किंवा निकोटिनची पट्टी आणि च्युइंगगम एकत्र, हे त्याच काळासाठी आहे. व्हॅरेनिक्लिन तर सोडायच्या तारखेच्या आठवडाभर आधी सुरू करतात. पाचव्या वेळी रिकाम्या हाताने जाऊ नका. घरच्यांना ती तारीख सांगून ठेवा, म्हणजे पाचव्या दिवशीचं ओरडणं त्यांना मनाला लागणार नाही.

प्रश्न : मी ३६ वर्षांची आहे. दारू सोडून पाच महिने झाले. सगळे कौतुक करतात. पण मला आनंदच होत नाही. गाणं लावलं तरी नुसता आवाज वाटतो. रात्री तीनला जाग येते. हेच आयुष्य असेल तर सोडून काय मिळवलं, असं वाटतं. हे कुणाला सांगितलं नाही.

उत्तर : मला सांगितलंत, बरं केलंत. तुमचं पत्र मी सगळ्यात जास्त वेळा वाचलं.

थरथर आठवड्यात जाते. त्यामागे एक दुसरा, मुका त्रास उरतो, आणि त्याबद्दल आम्ही डॉक्टरही फारसं बोलत नाही. जॉर्ज कूब या शास्त्रज्ञाने आपली कारकीर्द त्यावर घालवली. व्यसनात सुखाची यंत्रणा थकते, आणि भीती-ताणाशी संबंधित अमिग्डाला या मेंदूच्या भागाच्या आसपास ताणाची यंत्रणा, सीआरएफ आणि डायनॉर्फिन ही रसायनं, चढलेलीच राहते. गाण्याचा नुसता आवाज होतो तो इथे. तुमच्यात काही कमी आहे म्हणून नव्हे.

सीआरएफला अडवणाऱ्या औषधांवर आमची फार आशा होती. उंदरांमध्ये ती सुंदर चालली. २०१५-१६ च्या सुमाराला माणसांवर दोन औषधं तपासली, तलफ कमी झाली नाही. मला त्या निकालाने खरंच वाईट वाटलं होतं. पण काम थांबलेलं नाही. येल विद्यापीठात प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाची शंभर जणांवर चाचणी झाली, २०२१ मध्ये निकाल आले. सोडताना ज्यांना त्रास जास्त होता, त्यांचं पिणं त्याने कमी झालं. मधुमेहासाठी आणलेलं सेमाग्लुटाइड ४८ जणांना नऊ आठवडे दिलं. तलफ आणि पिण्याचं प्रमाण कमी झालं, हे २०२५ मध्ये छापून आलं. दारूसाठी दोन्ही अजून नेहमीच्या वापरात आलेली नाहीत. नालट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही दारूपासून दूर राहायला मदत करणारी औषधं मात्र आहेत. यातलं काही तुम्हाला सुरू केलं आहे का, हे पत्रात नाही.

मेंदू सावरतो का? नोरा व्होल्कोव्ह या संशोधिकेने २००१ मध्ये मेथॲम्फेटामिन हा उत्तेजक अमली पदार्थ सोडलेल्या काही जणांच्या मेंदूची चित्रं परत घेतली. थोड्या महिन्यांनी घेतलेल्या चित्रात डोपामिन या सुखाशी संबंधित रसायनाचे वाहक कमी होते. वर्ष-सव्वा वर्षाने घेतलेल्यात ते बऱ्यापैकी परतले होते, जरी चाचण्यांमधली कामगिरी पूर्ण परतली नव्हती. व्यसन वेगळं, माणसं अगदी थोडी, पण मी ती दोन चित्रं शेजारी शेजारी लावून पेशंटना दाखवते. पाच महिने हा मधला टप्पा आहे.

तरीही नुसतं थांबा असं मी म्हणणार नाही. रात्री तीनला जाग, आनंद नाही, 'काय मिळवलं' असे विचार, हे नैराश्यही असू शकतं आणि त्याला वेगळे उपचार आहेत. या आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांना भेटा आणि मला लिहिलंत ते पत्र जसंच्या तसं त्यांच्यापुढे ठेवा. सगळं पुन्हा तोंडाने सांगायची गरज नाही. जीव नकोसा वाटला तर त्याच रात्री घरच्या कुणाला तरी उठवून दवाखान्यात जा, सकाळची वाट पाहू नका. आणि दोन महिन्यांनी मला परत लिहा. गाण्याचं नंतर, आधी रात्री किती वाजता जाग येते तेवढं कळवा.